कातकरी वाडीची मुलं आणि आपली शाळा: एका नव्या शिक्षकाच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पवित्र पोर्टलवरून (राज्याच्या शिक्षक भरतीची ऑनलाइन व्यवस्था) रायगड जिल्ह्यात खाडीकाठच्या एका द्विशिक्षकी शाळेत नेमणूक झाली आहे. विचारणारे सर मूळचे लातूरकडचे. पटावर 31 मुलं, त्यातली 14 गावाबाहेरच्या कातकरी वाडीवरची. ही 14 मुलं वर्गात तोंड उघडत नाहीत आणि दिवाळीनंतर त्यातली बरीचशी दिसेनाशी होतात. वरून आदेश आहे की 9 ऑगस्टला आदिवासी दिन दणक्यात झाला पाहिजे. सर विचारतात, 'मला कातकरी बोली येत नाही, मी शिकवू कसा? आणि आदिवासी संस्कृती शाळेत आणा म्हणतात, म्हणजे नक्की काय करायचं?'

सर, मी याच जिल्ह्यात आधी शिक्षक होतो, नंतर केंद्रप्रमुख. तुमच्यासारख्या बऱ्याच शाळा जवळून पाहिल्या आहेत. तुम्ही बोली आणि संस्कृती असे दोन प्रश्न विचारलेत. दिवाळीनंतर मुलं जातात (आई-बाप भट्टीच्या कामाला जातात, त्यांच्याबरोबर) हे तुम्ही ओघात सांगून पुढे गेलात, पण माझ्या मते पहिला प्रश्न तोच आहे, कारण बाकी सगळ्याचं वेळापत्रक त्याच्यावर ठरतं. त्यावर सविस्तर येतोच. बोलीपासून सुरुवात करतो, कारण उद्या सकाळी वर्गात उभं राहताना तुम्हाला तीच आडवी येणार आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. वाडी शाळेपासून किती लांब आहे, मध्ये पऱ्ह्या किंवा ओढा आहे का, वाडी कोणाच्या जागेवर आहे, त्या जागामालकाचं आणि वाडीचं सध्या कसं चाललंय, तुमचे जोडीदार शिक्षक स्थानिक आहेत की बदलीच्या रांगेत. खालचं सगळं हे गृहीत धरून वाचा की शाळा गावात आहे, वाडी चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि गावची मुलं बहुतेक आगरी आहेत. तसं नसेल तर काही गोष्टी बदलतील.

आता बोली. मेळघाटात कोरकू मूल पहिलीत येतं तेव्हा शिक्षकाला पहिल्याच दिवशी कळतं की याची भाषा वेगळी आहे, आपल्याला काहीतरी वेगळं करावं लागणार. गडचिरोलीत गोंडी, माडिया मुलांच्या बाबतीत तेच. कातकरी मुलांचं नशीब असं की त्यांची बोली मराठीला जवळची आहे. निम्मं समजतं, त्यामुळे शिक्षकाला वाटतं की हे मूल मराठीच बोलतंय, फक्त चुकीचं बोलतंय. मग तो दुरुस्त करत बसतो. मूल एक वाक्य बोललं की त्यात दोन दुरुस्त्या. दोन-चार आठवड्यांत मुलाच्या लक्षात येतं की गप्प बसणं सगळ्यात सोयीचं आहे. तुम्हाला आज दिसतंय ते गप्प बसणं बहुधा असं तयार झालेलं आहे, आणि तुम्ही येण्याआधीच तयार झालेलं आहे.

म्हणून माझा पहिला नियम असा: पहिली-दुसरीच्या मुलाचं बोलणं दिवाळीपर्यंत दुरुस्त करायचं नाही. सांगितलेली माहिती चुकली तर जरूर विचारा, शब्द आणि क्रियापदाचं रूप सोडून द्या. हे ऐकायला सोपं वाटतं, पण करायला अवघड आहे. आपली जीभ शिक्षकाची असते, ती आपोआप वळवळते.

दुसरं, ज्याचं उत्तर तुम्हाला खरोखर माहीत नाही असे प्रश्न विचारा. 'हे चित्र कशाचं आहे?' या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला माहीत आहे हे मुलालाही माहीत असतं, मग ते कशाला सांगेल? तुम्ही लातूरचे आहात, हा इथे तुमचा मोठा फायदा आहे. चिंबोरी (खेकडा) कशी धरतात, नांगीत बोट न जाऊ देता ती बांधायची कशी, वलगणीचे (पहिल्या पावसातले) मासे कुठल्या वहाळात (ओढ्यात) चढतात, हे तुम्हाला ठाऊक नाही आणि मुलांना ते स्पष्ट दिसतं. जून संपता संपता हा प्रश्न टाकून बघा. पहिल्या पावसाच्या दिवसांत वाडीची मुलं गैरहजर राहिली म्हणून तुमच्या शेऱ्याच्या वहीत नोंद झाली असेल. त्या दिवशी आख्खी वाडी वहाळावर असते, कारण मासे वर्षातून तेवढेच दिवस चढतात. हे समजून घेतलं की पुढच्या वर्षी तुम्ही तो दिवस शेऱ्यात न लिहिता पाठात लिहाल.

तिसरं, फळ्यावर लिहिण्याची एक पद्धत. मूल जे बोललं ते जसंच्या तसं देवनागरीत फळ्यावर लिहायचं, त्याच्याकडून वाचून घ्यायचं. त्याच्या शेजारी तेच वाक्य पुस्तकी मराठीत लिहायचं, तेही वाचून घ्यायचं. पहिलं पुसायचं नाही. दोन्ही वाक्यं दिवसभर फळ्यावर राहू द्यायची. यातला मोठा फायदा वाचनाचा आहे: मूल जे स्वतः बोललंय ते त्याला पाठ असतं, म्हणून अक्षर आणि आवाज यांची सांगड पटकन बसते. पाठ्यपुस्तकातलं वाक्य वाचताना त्याला अक्षरंही ओळखायची असतात आणि अर्थही शोधायचा असतो, दोन्ही ओझी एकदम. ही पद्धत गावच्या मुलांसाठीही वापरा. तुमची आगरी मुलं तरी घरी कुठे पाठ्यपुस्तकाची मराठी बोलतात? त्यांचीही वाक्यं फळ्यावर येऊ द्या, तुमची लातुरी वाक्यंही येऊ द्या. एकट्या कातकरी बोलीला बाजूला काढून 'आज आपण आदिवासी भाषा ऐकूया' केलंत, तर ती मुलं पुन्हा नमुना म्हणून उभी राहतील. सगळ्यांच्या घरच्या बोली फळ्यावर आल्या की तो प्रश्न राहत नाही. संगमेश्वराकडे हेच कुणबी मुलांचं आणि सावंतवाडीकडे मालवणीचं आहे.

कातकरी शिकायला हवी का? शिकलात तर उत्तम, पण त्यासाठी थांबू नका. ऐकून कळण्यापुरती बोली एका पावसाळ्यात कानावर बसते. चौथी-पाचवीतल्या वाडीच्या एखाद्या मुलीला मध्यस्थ म्हणून जवळ बसवा, पण तिचा स्वतःचा अभ्यास बुडेल इतका वेळ नको. ही चूक शाळांमध्ये फार होते. हुशार पोरगी वर्षभर लहानांना सांभाळत बसते आणि तिचा भागाकार कच्चा राहतो.

एक विरोध तुम्हाला वाडीतूनच होईल, त्याची तयारी ठेवा. आई-बाप म्हणतील, 'आमची भाषा आम्ही शिकवू, तुम्ही त्याला सायबाची भाषा शिकवा.' ते चुकत नाहीत. तहसील कार्यालयात, दवाखान्यात, भट्टीच्या हिशेबात त्यांना जे सोसावं लागतं त्यातून ते बोलतात. त्यांना साफ सांगा की मुलाला पुस्तकी मराठी पक्की यावी हाच हेतू आहे, पहिली दोन वर्षं घरच्या बोलीचा आधार घेतला तर ती लवकर येते. केंद्रप्रमुखांनी किंवा विस्तार अधिकाऱ्यांनी विचारलं तर कायद्याचा आधार आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 29 मध्ये शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं असं आहे, संविधानाच्या 350 क मध्ये भाषिक अल्पसंख्याक मुलांसाठी प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे आणि 2020 चं राष्ट्रीय धोरणही किमान पाचवीपर्यंत तेच म्हणतं. पण सर, कलम दाखवून भांडू नका, गरज पडली तरच काढा. मुलं वाचू लागली की कोणी विचारत नाही.

आता संस्कृती. इथे माझं मत जरा कडक आहे.

रायगड, रत्नागिरीतल्या किती तरी शाळांच्या भिंतींवर तुम्हाला वारली चित्रं दिसतील. तारपा वाजवणारा, भोवती नाचणारे, पांढरा रंग, गेरूची भिंत. चित्रं सुंदर आहेत. जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली, त्यांना 2011 मध्ये पद्मश्रीही मिळाली. पण ती डहाणू, तलासरी, जव्हारकडच्या वारल्यांची आहेत. तुमच्या वर्गातल्या कातकरी मुलाच्या आजीने ती कधी काढली नाहीत. त्या मुलाला त्या भिंतीत त्याचं काही दिसत नाही, आणि गावच्या मुलांना वाटतं की आदिवासी म्हणजे सगळे एकच. 9 ऑगस्टला भाड्याचे पोशाख आणून, डोक्याला पिसं लावून नाचवलेली मुलं मी पाहिली आहेत. ती पिसं कुठल्या टोळीची, हे भाड्याने देणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. आणि त्या दिवशी नाचलेलं मूल दुसऱ्या दिवशी परत मागच्या बाकावर.

मी संस्कृती शाळेत आणा असं म्हणत नाही. मुलाला जे येतं त्यावर वर्गाचं काम चालू द्या. शोभेसाठी आणलेली गोष्ट आणि कामाला लावलेली गोष्ट यातला फरक मुलांना लगेच कळतो.

एक पाठ सांगतो, तिसरी-चौथीच्या परिसर अभ्यासातला. विषय होता प्राण्यांची घरं. पुस्तकात घरटं, गुहा, वारूळ, बीळ. बीळ म्हणजे एक गोल भोक, चित्रात तेवढंच. मी मुलांना घेऊन भाताच्या बांधावर गेलो, ऑक्टोबरचे दिवस, भात लोंबीत आलेलं. विचारलं, यातलं कुठलं बीळ कोणाचं? गावच्या मुलांनी साप, साप म्हणून गलका केला. वाडीचा एक मुलगा खाली बसला. एका बिळाच्या तोंडाशी ओल्या चिखलाच्या गोळ्या आणि पायांच्या बारीक रेषा होत्या, म्हणाला खेकडा. दुसऱ्याच्या तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग आणि कुरतडलेल्या लोंब्या होत्या, म्हणाला उंदीर. मग त्याने हाताने मोजून दुसरं तोंड दाखवलं, कारण उंदराच्या बिळाला पळायची वाट असते आणि खणायचं तर आधी ती बुजवावी लागते. आत भात साठवलेलं असतं हे त्यानेच सांगितलं.

इथे व्हायचं तेच झालं, गावची दोन पोरं हसली. 'उंदीर खातात.' सर, हा टोमणा तुमच्या शाळेतही आहे, तुम्हाला अजून ऐकू आला नसेल इतकंच. त्यावर मी भाषण दिलं नाही. भाषणाने टोमणा मैदानावर जातो, थांबत नाही. मी त्याच हसणाऱ्या मुलांना विचारलं की तुमच्या शेतातलं किती भात उंदीर नेतो, घरी विचारून या. दुसऱ्या दिवशी एका मुलाच्या आजोबांनीच निरोप पाठवला होता की वाडीवरच्या माणसांना बिळं खणायला बोलवायची पूर्वी पद्धत होती, बांधाचं नुकसान वाचायचं. मग वर्गात तक्ता झाला: बिळाचं तोंड कसं, बाहेर काय पडलंय, दुसरं तोंड आहे का, आत कोण. निरीक्षण, वर्गीकरण, नोंद, हे सगळं अभ्यासक्रमात आहेच. फक्त त्या दिवशी वर्गात जाणकार तो मुलगा होता आणि आम्ही सगळे त्याला विचारत होतो. तक्ता भिंतीवर लावला तेव्हा खाली त्याचं नाव लिहिलं, 'आदिवासी ज्ञान' वगैरे मथळा दिला नाही.

असेच पाठ रानभाज्यांवर होतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं. कोणती कधी येते, शेवळाला खाज असते म्हणून त्यात काय घालतात, कडू कंद किती वेळा उकळून पाणी फेकायचं. एखाद्या आजीला बोलवायचं असेल तर आनंददायी शनिवार आहेच, पण तिला मजुरी बुडवून बोलवू नका. बोलवलंत तर तिच्या दिवसाचे पैसे द्या, शाळेच्या खर्चातून जमलं नाही तर आपल्या खिशातून. आणि भाजी आणून दाखवा म्हणून मुलांना रानात पाठवू नका. ते त्यांचं घरचं काम असतंच, शाळेनेही तेच लावू नये.

गणितासाठी वीटभट्टी. दर खरे घालू नका, काल्पनिक घ्या. समजा एका जोडप्याने दिवाळीला 30,000 रुपये उचल (आगाऊ रक्कम) घेतली. हजार विटांना दर 1,000 रुपये. दिवसाला 800 विटा, आठवड्याला सहा दिवस काम. म्हणजे आठवड्याला 4,800 रुपयांचं काम झालं. त्यातून 2,000 खर्ची (घरखर्चाला) घेतली, 2,800 उचलीत वळते झाले. उचल फिटायला किती आठवडे? अकरावा आठवडा संपायच्या आत फिटते. दिवाळी ते शिमगा साधारण एकोणीस आठवडे धरले तर पुढच्या आठवड्यांचे पैसे हातात यायला हवेत. मग विचारा, अवकाळी पावसात भिजलेल्या विटा कोणाच्या खात्यावर जातात? पाचवीचा वर्ग या प्रश्नावर तासभर भांडतो, आणि भागाकार असा पक्का होतो की बास. दोन पथ्यं मात्र पाळा. कोणाच्याही घरची खरी उचल वर्गात विचारू नका, ती मुलाची लाज होते. आणि हा पाठ घेण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीत कोणी भट्टीवाला किंवा मुकादम आहे का ते पाहून ठेवा. असेल तर पाठ घ्याच, पण तयारीनिशी घ्या.

9 ऑगस्टचं काय? संयुक्त राष्ट्रांनी 1994 मध्ये तो दिवस ठरवला, साजरा करायला हरकत नाही. प्रभातफेरी करा, वरिष्ठांना फोटो पाठवा. पण तुमच्या जिल्ह्यासाठी खरा दिवस 25 सप्टेंबर आहे. 1930 साली त्या दिवशी उरण तालुक्यात चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला आणि पोलिसांच्या गोळीबारात जे हुतात्मा झाले त्यात नाग्या महादू कातकरी होते. चिरनेरला स्मारक आहे, दरवर्षी त्या दिवशी मानवंदना होते. तुमच्या वर्गातल्या मुलांचं आडनाव तिथे कोरलेलं आहे. जमलं तर सहल तिकडेच काढा, गावच्या मुलांसकट, कारण त्या हुतात्म्यांत आसपासच्या गावांतले शेतकरीही होते आणि जंगल दोघांचं होतं. आणखी एक सोय अशी की 25 सप्टेंबर दिवाळीच्या आधी येतो, म्हणजे मुलं शाळेत असतात. हे उत्तर सिंधुदुर्गातले कोणी वाचत असतील तर त्यांनी कुडाळजवळ पिंगुळीला जावं. तिथे ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्या आहेत, परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये त्यासाठी पद्मश्री मिळाली. तिथल्या शाळांनी वारली चित्रं काढायचं तर काही कारणच नाही.

आता स्थलांतर. आपलं शैक्षणिक वर्ष जूनच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत. तुमच्या 14 पैकी ज्यांचे आई-बाप भट्टीवर जातात त्यांचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि दिवाळीला संपतं. शिमग्याला काही कुटुंबं चार दिवस वाडीवर येतात, पुन्हा जातात. कायमची परततात ती पावसाच्या तोंडावर, तेव्हा शाळा बंद. हे एकदा मान्य केलं की नियोजन बदलतं. वाचनाचा पाया जून ते ऑक्टोबरमध्येच घालावा लागतो. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. जून-जुलै प्रवेश, गणवेश, आधार, ऑनलाइन माहिती भरण्यात जातात, ऑगस्ट सणांत, सप्टेंबर गणपतीत, आणि वर्गाला लय येते तोवर मुलं टेम्पोत बसलेली असतात. जमेल ते कागदी काम पुढे ढकला आणि पहिली-दुसरीच्या वाडीच्या मुलांना रोज सकाळचा पहिला तास द्या, तुम्ही ताजे असताना. निपुण भारतची (वाचन-लेखन आणि अंकज्ञानाचा केंद्राचा कार्यक्रम) तिसरीपर्यंतची उद्दिष्टं सगळ्या मुलांना सारखीच आहेत, पण या मुलांना त्यासाठी दरवर्षी निम्मेच महिने मिळतात.

जाण्याआधी दसऱ्याच्या सुमारास वाडीत जाऊन विचारा की कोण कुठे जातंय. ठिकाण, मालकाचं किंवा मुकादमाचं नाव, एक मोबाइल नंबर. शिक्षण हमी पत्रक (ते दाखवून मुलाने दुसऱ्या गावच्या शाळेत बसायचं असतं) भरून मुलाच्या हातात द्या आणि ज्या गावाजवळ भट्टी आहे तिथल्या शाळेला स्वतः फोन करा. पत्रकावर कोणी प्रवेश देत नाही, शिक्षकाने शिक्षकाला केलेल्या फोनवर देतात. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे, वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही. नाव पटावरून कमी करू नका. पट घसरला की कमी पटाची शाळा म्हणून तुमच्यावरच संक्रांत, आणि मूल पावसाळ्यात परत आलं तर त्याचं नाव कुठेच नसतं.

मूल जाताना सोबत काय द्यायचं? स्वाध्यायपुस्तिकांचा गठ्ठा देऊ नका, भट्टीवर तो पेटवण घालायला जातो. मुलाने स्वतः बोललेली आणि फळ्यावर लिहिलेली वाक्यं एका पातळ वहीत उतरवून द्या. ती त्याला वाचता येतात, म्हणून ते ती उघडतं. आठवड्यातून एकदा आई-बापाच्या फोनवर बोला, पाच मिनिटं पुरे, एक पान वाचून घ्या. रेंज नसेल तर नाही होणार, तो भाग परिस्थितीचा.

मागे ठेवता येत असेल तर? आजी वाडीवर राहत असेल आणि मुलाला सांभाळायला तयार असेल तर पहा. जिल्ह्यात हंगामी वसतिगृहाची सोय त्या वर्षी मंजूर आहे का ते गटशिक्षण कार्यालयात सप्टेंबरमध्येच विचारा, दिवाळीनंतर विचारून उपयोग नाही. आश्रमशाळेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणी तरी सुचवेलच. तुमचा भाग पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पात येतो, रायगडसकट रत्नागिरी आणि सिंधुदुर्गही तिथेच. माझं मत असं की गावातली शाळा चालू असताना सहा-सात वर्षांचं मूल आश्रमशाळेत पाठवू नये. कातकरी मुलं तिथून पळून येतात ही तक्रार जुनी आहे, आणि एवढ्या लहान वयात आईपासून लांब राहिलेलं मूल पळालं तर दोष त्याचा नाही. पाचवीनंतर, वाडीतली दोन-तीन मुलं एकत्र जात असतील तर विचार करायला हरकत नाही. मुलींच्या बाबतीत पालकांनी आधी वसतिगृह डोळ्यांनी पाहावं, तुम्ही सोबत जा.

कोकणात हा प्रश्न नवा नाही. डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काम केलं तेव्हा वारली मुलं शाळेत येत नव्हती, कारण त्यांना गुरं राखायची असायची. त्यांनी मुलांच्या मागे लागण्याऐवजी शाळाच कुरणात नेली, लहानांसाठी ती पाड्यावरच्या अंगणात भरवली. आज देशभर जी अंगणवाडी आहे तिचं मूळ तिथे आहे. पुढे वसई, भिवंडीच्या पट्ट्यात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा चालवल्या, त्याही याच विचारातून. तुम्ही एकटे भट्टीवर शाळा काढू शकणार नाही, तशी अपेक्षाही नाही. पण संध्याकाळी वाडीत अर्धा तास बसून गोष्ट वाचणं तुमच्या हातात आहे. वाडा तालुक्यात सोनाळ्याला क्वेस्ट ही संस्था आश्रमशाळांमध्ये वाचन-लेखनावर बरीच वर्षं काम करते. दोन दिवस काढून तिथलं काम पाहून या, त्यांचं साहित्यही मिळवा.

जातीचा दाखला, जन्मनोंद ही कामं वाडीवर अडलेली असतातच. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात, आणि जी माणसं कायम दुसऱ्याच्या जागेवर राहिली त्यांच्याकडे तो कुठून असणार? शाळेचं जुनं जनरल रजिस्टर (प्रवेशाची नोंदवही) कधी कधी एकमेव कागद निघतो, म्हणून ते जपा, पावसाळ्यात कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका. कातकरी ही राज्यातल्या तीन आदिम जमातींपैकी एक, कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर. त्यामुळे 2023 पासून पीएम-जनमनची (आदिम जमातींसाठीची केंद्राची योजना) शिबिरं होतात. शिबिराची तारीख वाडीला आधी कळवणं एवढं काम तुम्ही करा, बाकी महसूलवाल्यांना करू द्या.

शाळा व्यवस्थापन समितीत पालक तीन चतुर्थांश हवेत, निम्म्या महिला हव्यात आणि वंचित गटांच्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा हव्यात. 31 मध्ये 14 म्हणजे पालकांच्या जवळजवळ निम्म्या जागा वाडीच्या. कागदावर असतीलही, पण बैठक दुपारी तीनला गावच्या देवळात असेल तर कोण येणार? महिन्याआड एक बैठक संध्याकाळी वाडीत घ्या. गावचे सदस्य पहिल्या खेपेला कुरकुरतील. पहिली बैठक खिचडीच्या तांदळावर ठेवा, त्यावर बोलायला सगळे येतात.

आणि वाडीत पहिल्यांदा जाल तेव्हा वही-पेन घेऊन जाऊ नका. तिथे वही घेऊन येणारा माणूस एक तर सर्वेवाला असतो, नाही तर वसुलीवाला. मुलाच्या हाताने काढलेला खेकड्याचा तक्ता घेऊन जा आणि त्याच्या आजीला दाखवा. ती त्यात दोन चुका काढेल, त्या दुरुस्त करून आणा.

एक गोष्ट मला तुमच्याकडून हवी आहे, ती कळली तर पुढचं नीट सांगता येईल. तुमच्या वाडीची कुटुंबं वीटभट्टीवर जातात की कोळसाभट्टीवर? वर लिहिलंय ते विटांच्या हिशेबाने. तिथे बरीच कुटुंबं एका जागी असतात आणि जवळ एखादं गाव, एखादी शाळा असतेच. कोळसा पाडायला गेलेली कुटुंबं घाटावर, काही थेट कर्नाटकात, जंगलात एकेकटी पांगलेली असतात. तिथे हमी पत्रकाचा उपयोग होत नाही, फोन लागत नाही, भाषाही बदलते. त्यांच्यासाठी आजीकडे ठेवणं किंवा वसतिगृह एवढेच दोन मार्ग उरतात आणि दोन्हीची बोलणी ऑगस्टमध्ये, म्हणजे उचल घेण्याआधी सुरू करावी लागतात. एकदा उचल घेतली की आई-बापांच्या हातात काही राहत नाही.